म्हाळसेचं बाळंतपण

"वहिनी, ही माझ्या हातावर आली बघा," शालन म्हणाली. मी वळून बघितलं तर खरंच, माझी म्हाळसा तिच्या मनगटावर बसलेली. हिरवीगार, कोवळ्या घेवड्याच्या शेंगेसारखी.

माझ्या हातावर ती कधी हिरवी राहिली नव्हती. पाच महिने मी तिला टोळ पकडून घातले, पाणी पाजलं, तिच्या पिंजऱ्यातल्या जास्वंदीचं एकेक पान पुसलं. पण मी हात पुढे केला की बाईसाहेब काळ्या ठिक्कर. अंग चपटं करून डुलायच्या, फुत्कारायच्या. आणि ही कालची पोर. बोटीतून उतरून चार दिवस झाले नव्हते, हातातला चुडा अजून उतरला नव्हता, आणि सरडी तिच्या चुड्याला शेपटीचा वेढा घालून निवांत बसली होती.

"चिमट्यासारखं धरते हो," शालन हसून म्हणाली. घाबरली नव्हती अजिबात.

आमचे हे पायरीवर बसून बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "काही हात असतातच तसे."

झालं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

हे लिमुरूचं सांगतेय मी. केनियात, नैरोबीच्या वर डोंगरात. साल एकाहत्तर. सगळीकडे चहाचे मळे आणि मळ्यांवर धुकं. धुकं इतकं दाट की दोरी न बांधता त्याच्यावर धुणं वाळत घालता यायचं, फक्त वाळायचं नाही. हे तिथल्या चहाच्या कारखान्यात यंत्रांवर होते. धाकटे रघुभावजी त्याच कारखान्याचं गोदाम बघायचे. त्या वर्षी ते लग्न करायला सासवडला गेले आणि शालनला घेऊन आले. एक घर, दोन भाऊ, दोन जावा, माझी दोन पोरं, आणि मागच्या व्हरांड्यात माझे सरडे.

आता सरडे म्हटलं की तुम्ही कुंपणावरचा मान हलवणारा डोळ्यासमोर आणाल. तो नव्हे. हा घोयरा, रंग बदलणारा, पण थंड डोंगरातला. नराच्या तोंडावर तीन शिंगं, पुढे रोखलेली. डोळे दोन, पण एकमेकांशी भांडण असल्यासारखे. एक पुढे बघतो तर दुसरा मागे. जीभ अंगापेक्षा लांब. एकदा माझ्या कपाळावरचं कुंकू माशी समजून टिपून नेलं होतं त्या जिभेनं. ह्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, तुमचाही नसू दे. पण हे पुढचं मात्र खरं. ह्यांची मादी अंडी घालत नाही. त्या थंडीत अंडी उबणार कुठे? ती पोटातच सांभाळते, सहा-सात महिने, आणि मग जिवंत पिल्लं देते. आपल्यासारखी.

मला हे सगळं डिकॉस्टा मास्तरांनी शिकवलं. मूळचे गोव्याचे, लिमुरूच्या शाळेत शास्त्र शिकवायचे, मराठी आमच्यापेक्षा गोड बोलायचे. मळ्यातली झाडं छाटताना सरडे सापडत. तिथल्या माणसांना तो अपशकुन वाटतो, कुणी हात लावत नाही. आमच्याकडे कामाला येणारी वांजिरू पिंजऱ्याकडे पाठ करूनच व्हरांडा झाडायची. तर असे सापडलेले सरडे मास्तर घेऊन येत. त्यांच्या मनात होतं की शाळेत एक जोडी पाळावी आणि पिल्लं काढावीत. पण मास्तर एकटे, दिवसभर शाळेत. "बाई, तुमच्या व्हरांड्यात ठेवू का?" म्हणाले. मी हो म्हटलं.

का म्हटलं? अहो, आख्ख्या घरात एक तरी गोष्ट अशी असावी जी दुसऱ्या कुणाला येत नाही. स्वयंपाक सगळ्याच बायकांना येतो.

नराचं नाव मी खंडेराव ठेवलं, मादीचं म्हाळसा. आमचं कुलदैवत जेजुरीचं. रघुभावजी म्हणायचे, वहिनी, देवाचं नाव सरड्याला? मी म्हटलं, देवाला चालतं, तुम्हाला काय? दोघांचे पिंजरे वेगळे, मच्छरदाणीचं कापड लाकडी चौकटीवर ताणून ह्यांनीच करून दिलेले. एकत्र ठेवले तर भांडतात. आता पाण्याची गंमत. ह्यांना वाटीतलं पाणी दिसतच नाही. पानावरून थेंब गळला पाहिजे, मग चाटतात. मी काय केलं, देवघरातली अभिषेकाची तांब्याची गळती काढली, तीच ती तळाला बारीक भोक असलेली, आणि पिंजऱ्यावर टांगली. थेंब थेंब जास्वंदीवर. महादेव कोरडा आणि सरडी न्हातेय. सासूबाई सासवडला होत्या म्हणून बरं.

म्हाळसा माझी तिसरी. आधीच्या दोघी पोटुशा असतानाच गेल्या. दुसरी आणली तेव्हाच आजारी होती. पहिलीचं काय झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं: गरुडानं नेली. व्हरांड्यात हा एवढा गरुड उतरला, मी खराटा घेऊन धावले, त्याचं एक पीस माझ्या हातात राहिलं. ते पीस मी पोरांना दाखवलंसुद्धा. ह्यांनी ते बघून म्हटलं होतं, कोंबडीचं दिसतंय. मी म्हटलं, तुम्ही तिथे होतात का?

तर म्हाळसा पोटुशी होती आणि मास्तर फार आशेवर होते. पिल्लं जिवंत झाली तर नैरोबीहून एक जाणकार साहेब बघायला येणार, फोटो काढणार, आणि शाळेत पिंजऱ्यावर पाटी लागणार: कुणी सांभाळले त्याचं नाव. माझं. यमुनाबाई. मी ती पाटी मनातल्या मनात कितीदा वाचली होती, तुम्हाला काय सांगू.

आणि आता ही शालन.

वाईट असती तर सोपं झालं असतं. पण ती वाईट नव्हती, हीच तर मेख. सकाळी माझ्याआधी उठायची. आमटी अशी करायची की हे तिसऱ्यांदा वाटी पुढे करत, आणि माझ्या आमटीला मी नऊ वर्षांत कधी तिसरी वाटी बघितली नव्हती. माझी पोरं तिच्या पाठीला लागलेली. वांजिरूला आठवड्यात लुगडं नेसायला शिकवलं आणि तिच्याकडून दहा शब्द किस्वाहिली शिकून घेतले. सरड्याला तिथे किन्योंगा म्हणतात, हे मला नऊ वर्षं राहून तिच्याकडून कळलं.

सरडे तर तिचेच झाल्यासारखे. मी टोळ पकडायला चहाच्या ओळींतून कंबर मोडेस्तोवर वाकायची. ती व्हरांड्यात नुसती उभी राहिली की म्हाळसा काठीवरून तिच्याकडे चालत यायची, एक पाय पुढे, एक मागे, वाऱ्यावर पान हलतं तशी डुलत. एकदा मास्तर आले. मी पाणी ठेवायला आत गेले, आणि परत येते तो मास्तर शालनला म्हणतायत, "धाकट्या बाईंचा हात फार शांत आहे. सरड्याला माणसाचं मन कळतं बघा."

रघुभावजी दारात होते. ते हसत म्हणाले, "म्हाळसा इथे आधीची आहे मास्तर. ही आमची बानू, मागून आलेली."

सगळे हसले. शालन लाजली. मीही हसले. पण रात्रीच्या भाकरी थापताना मला तेच आठवत राहिलं. खंडोबाची म्हाळसा बानूला किती बोलली ते जागरणात ऐकलंय मी लहानपणापासून. पुढचं कुणी सांगत नाही: देव शेवटी डोंगरावर बानूकडेच गेला.

मास्तर जाताना म्हणाले, पाटीवर दोन्ही बाईंची नावं घालू.

त्या दिवसापासून मी शालनला सरड्यांचं शिकवायला लागले. अगदी प्रेमानं. टोळाचे पाय मोडून घालायचे नाहीत. अंड्याचं कवच वाळवून कुटून त्याची पूड किड्यांना लावायची, म्हणजे हाडं भरतात. दुपारचं ऊन दाखवायचं पण अर्धा पिंजरा सावलीत. खंडेरावाला म्हाळसेच्या नजरेस पडू द्यायचं नाही, ती चिडते. सगळं सगळं सांगितलं. सुगरण बाई लोणच्याची कृती सांगते ना, सगळे जिन्नस मापासकट सांगते आणि एक गाळते. तसं एक गाळलं.

ते एक म्हणजे थंडी.

ह्या डोंगरातल्या सरड्याला थंडी लागते. म्हणजे हवी असते. रात्री गारठा, पहाटे धुकं, अंगावर दव, हेच त्याचं औषध. ऊब त्याला मारते. हे मला कसं कळलं? गरुडाकडून. पहिली सरडी पोटुशी होती, जुलैची थंडी पडली होती, आणि मला तिची दया आली. सासवडला माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं मला जशी ठेवली, खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, तशी मी तिला फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवली. दुपारपर्यंत ती पांढरट झाली, तोंड उघडून बसली, आणि संध्याकाळी गेली. मास्तरांना तेवढं खरं सांगितलं. ते म्हणाले, "ही आपल्या गावची नाही बाई. हिला गारव्यातच ठेवायची." घरात मात्र गरुड आला.

म्हणून शालनला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

जुलै उजाडला. तिथे जून-जुलै म्हणजे कडक थंडी. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. एके सकाळी, हे आणि भावजी कारखान्यात गेले, पोरं शाळेत गेली, वांजिरूची सुट्टी होती. मी टोपली घेऊन टोळ पकडायला निघाले तर शालन मागच्या व्हरांड्यात उकिडवी बसलेली. शाल पांघरून. चेहरा उतरलेला, पण मला वाटलं थंडीनं असेल.

"वहिनी, म्हाळसा कालपासून काही खात नाही. सारखी फिरतेय पिंजऱ्यात, खाली-वर खाली-वर. दिवस भरले असतील का?"

मी वाकून बघितलं. पोट हे एवढं, दोन्ही बाजूंनी गाठी गाठी. "जवळ आलेत," मी म्हटलं.

"किती गार पडलीय बघा. भरल्या दिवसांची बाई अशी उघड्यावर..." ती म्हणाली. "आत घेऊ का हिला? कोठीच्या खोलीत? जरा ऊब देते."

आता एवढंच म्हणायचं होतं: नको गं, मरेल. तीन शब्द. तोंडात आलेले होते.

मी काय म्हटलं ते ऐका. "मला कशाला विचारतेस? हात तुझा चांगला. तुला वाटतं ते कर."

आणि टोपली घेऊन चालू लागले.

मळ्यात टोळ कुठले? त्या थंडीत टोळ पानाखाली मेल्यासारखे बसतात. मी ओळीतून ओळीत हिंडत राहिले. तिथून आमचं मागचं अंगण दिसायचं. शालननं पिंजरा उचलला, आत नेला. मग बाहेर येऊन तिनं जिको पेटवली. जिको म्हणजे तिथली कोळशाची शेगडी, पत्र्याची. वारा घातला, निखारे लाल झाले, फडक्यानं धरून ती आत घेऊन गेली. कोठीची खोली एवढीशी, पोत्यांची. तिला एकच काचेची खिडकी. शालननं ती आतून लावून घेतली.

दहा वाजले असतील तेव्हा.

मी मनात हिशेब मांडत होते. दुपारपर्यंत सरडी पांढरी पडेल. म्हणजे शालनच्या हातून मेली. मास्तरांना कळेल शांत हात काय करतो ते. पाटीवर नाव एकच येईल, किंवा येणारच नाही, पण दोन तरी नाही येणार. थोड्या वेळानं मला वास आला. ओव्याचा. धुक्यात वास असा पसरतो की दहा पावलांवर कुणी काही जाळलं तर अंगाला चिकटतो. हिनं निखाऱ्यावर ओवा टाकला होता. सरडीला धुरी देत होती, बाळंतिणीला देतात तशी. मला हसू फुटलं. खरंच सांगते, एकटी उभी राहून हसले मी त्या मळ्यात. म्हटलं, आता हिला टाळूला तेल घाल आणि डिंकाचे लाडू चार.

मग वेळ जाईना. मी एक रोपटं धरून त्याची पानं मोजली. बारा झाले, कारखान्याचा भोंगा वाजला. बारा वाजता शालन न चुकता अंगणात येऊन तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालायची. ती आली नाही. मी थोडं थांबले. खिडकीच्या काचेवर आतून पाणी धरलेलं लांबूनसुद्धा दिसत होतं.

मी टोपली टाकली आणि चालत गेले. धावले असं मी सगळ्यांना सांगितलंय. चालत गेले. अंगणापासून धावले.

तर ते सगळ्यांना सांगितलेलं असं: मी दार ढकललं, आत धूर आणि वाफ, शालन पोत्याला टेकून पडलेली, मान एका बाजूला. मी तिला काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं, पायरीवर निजवलं, गार पाणी मारलं. मग परत आत जाऊन खिडकी फोडली आणि पिंजरा बाहेर आणला. शालन ओकली, मग डोळे उघडले. शेजारच्या बंगल्यातून कारखान्याच्या डॉक्टरला फोन करवला. तो आला, तिची नाडी बघितली, पापण्या उलटून बघितल्या, खोलीत डोकावून आला. तोवर हे आणि भावजी पळत आले होते.

डॉक्टर हिंदीत बोलायचा. म्हणाला, कोंडलेल्या खोलीत निखाऱ्याची हवा विषारी होते, वास येत नाही, माणूस झोपी जातो. "आणखी अर्धा तास गेला असता तर दोघंही हाताला लागले नसते."

"दोघं म्हणजे?" ह्यांनी विचारलं. "सरडी का?"

डॉक्टरनं शालनकडे बघितलं. ती शाल तोंडावर ओढून घेत होती. तिसरा महिना होता. तिनं अजून नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, म्हणे संकष्टीला सांगणार होती. आणि स्वतःला दिवस गेलेले म्हणूनच तिला त्या पोटुशा सरडीची एवढी माया आली होती, हे त्या क्षणी मला आपोआप कळलं.

सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. भावजी माझ्या पाया पडले, तिथेच, ओल्या फरशीवर. म्हणाले, वहिनी, तुम्ही वेळेवर आला नसता तर. आमचे हे, जे कधी कौतुकाचा शब्द बोलत नाहीत, ते मास्तरांना सांगत होते की आमच्या हिनं एका दिवसात तिघांना वाचवलं. कारण म्हाळसासुद्धा जगली. पांढरी पडली होती, जबडा उघडा होता, पण मी तिला धुक्यात ठेवलं, गळती सोडली, आणि तासाभरानं तिनं जीभ बाहेर काढून एक थेंब चाटला. शालन तर येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः सांगायची, "वहिनींनी उचलून आणलं मला."

तीन आठवड्यांनी म्हाळसा व्यायली. सकाळी, धुकं असताना. काठीवरून एकेक पिल्लू टपकन खाली पडायचं, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं, पडल्याच्या धक्क्यानं जागं व्हायचं आणि पापुद्रा फाडून चालायला लागायचं. बोटाच्या दोन पेरांएवढं. माझी नातवंडं विचारतात तेव्हा मी बत्तीस सांगते. एकोणीस होती. त्यातली आठ जागी झालीच नाहीत. पडली तशीच पडून राहिली. मास्तर म्हणाले, एवढं चालतंच, पहिलटकरीण आहे. त्या आठांना मी मळ्याच्या कडेला पुरलं. त्यांच्यासाठी गरुड बोलावला नाही.

नैरोबीचे साहेब आले. फोटो काढला. पिल्लं शाळेत गेली, तिथल्या पिंजऱ्यावर पाटी लागली. शालननं मास्तरांना सांगून तिचं नाव काढायला लावलं होतं. मला दुखवायला नाही, खरंच वाटत होतं तिला तसं. पाटीवर एकटी मी. यमुनाबाई. मी ती बघायला एकदाच गेले शाळेत, आणि मास्तर चहा ठेवतो म्हणाले तर थांबले नाही.

आता ते राहिलेलं सांगते. पन्नासेक वर्षं ज्याला सांगायचं त्याला गरुड सांगितलाय, बत्तीस सांगितलीत. हे नाही सांगितलं.

मी दार ढकललं तेव्हा डाव्या हाताला पिंजरा होता आणि उजव्या हाताला शालन. सारख्याच अंतरावर. शालनची मान कलंडलेली, ओठ वेगळेच लाल झालेले. आणि मी डावीकडे वळले. मी आधी पिंजरा उचलला. उचलला, दारातून बाहेर नेला, व्हरांड्याच्या कठड्यावर नीट ठेवला, पडणार तर नाही ना हे बघितलं, आणि मग परत आत गेले. किती वेळ गेला असेल? वीस श्वासांएवढा. शालनचे डोळे मिटलेले होते. निदान मला मिटलेले दिसले. म्हणून मी ठरवून टाकलं की मिटलेलेच होते.

त्यानंतर मी तिची इतकी सेवा केली की लोक म्हणायचे, सख्खी बहीण काय करेल. तिला आंबट हवं म्हणून नैरोबीहून चिंच मागवली. पाय चेपले. माझी आमटी तिला आवडत नव्हती, तर तिच्या पद्धतीची करायला शिकले. ती सगळं करून घ्यायची, हसायची, सरळ बघायची. माझी नजर मात्र तिच्या कपाळावर, कानातल्यावर, कुठेही. एक बदल झाला होता. म्हाळसेचा पिंजरा उघडायचा असला की ती मला हाक मारायची. स्वतः हात घालायची नाही. म्हणायची, "तुमची आहे ती, वहिनी."

जानेवारी आला. दुपारी जेवणं आटपत होती तेव्हा शालनला कळा सुरू झाल्या. भावजी कारखान्याची गाडी आणायला पळाले, हे त्यांच्या मागे. घरात आम्ही दोघीच. गाडी मागच्या अंगणातच येणार होती, तिथूनच रस्ता सपाट. मी तिच्या खांद्याला धरून सावकाश व्हरांड्यात आणलं. आणि बघते तर म्हाळसेचा पिंजरा नेमका पायरीच्या तोंडाशी. सकाळी मीच ऊन दाखवायला ठेवला होता. वाट अडलेली. शालनला एक जोरात कळ आली, तिनं दाराची चौकट धरली.

"थांब हं," मी म्हटलं, "एवढा पिंजरा बाजूला करते," आणि तिचा खांदा सोडून वाकले.

"वहिनी."

मी वाकलेलीच राहिले.

कळ ओसरेपर्यंत ती थांबली. मग नेहमीच्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं, म्हणाली, "आज आधी मी. पिंजरा मग."

गाडीचा आवाज अजून लांब होता. म्हाळसा जाळीला धरून बसली होती. तिचा एक डोळा माझ्यावर, एक शालनवर. मी वर बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. घामानं डबडबलेली होती, वाट बघत होती, आणि तिनं हात पुढे केला होता.

मी पायानं पिंजरा सरकवला. सरकला नाही धड, पायरीवरून घरंगळला, गळती खणखणत अंगणभर गेली, जास्वंदीची कुंडी फुटली. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. शालनला दोन्ही हातांनी धरलं आणि एकेक पायरी उतरवली.

"मेली असेल का हो?" तळाशी आल्यावर तिनं विचारलं.

"असू दे," मी म्हटलं. "तू पाय बघून टाक."

नव्हती मेली. गाडी आली तेव्हा ती आपली आपण पिंजऱ्याच्या उघड्या दारातून बाहेर आली होती आणि अंगण ओलांडून मळ्याकडे चालली होती, एक पाय पुढे, एक मागे, डुलत. आम्ही दोघी गाडीच्या काचेतून बघत होतो. काळी नव्हती. हिरवीगार होती, कोवळ्या घेवड्याच्या शेंगेसारखी, आणि ह्याला साक्षीदार शालन आहे, तिला विचारा.